राहण्यास अयोग्य

माझी मुलगी पुण्यात व्हिडिओ गेम तपासण्याचं काम करते. खेळ बाजारात येण्याआधी तो खेळायचा आणि कुठे काय मोडतंय ते शोधायचं, हा तिचा धंदा. कोणी विचारलं तर मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते. सविस्तर सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, वा, खेळायचा पगार! मग त्याची समजूत घालावी लागते, आणि कुणाची समजूत घालण्याचा उत्साह माझ्यात आता उरलेला नाही.

खेळांचं आणि माझं जमत नाही. मी निवृत्त झाले तेव्हा तिने माझ्या फोनवर एक शेतीचा खेळ टाकला होता. वांगी लावा, वांगी काढा. चार दिवस बरं वाटलं. मग वांग्यांना पिकायला अर्धा अर्धा दिवस लागायला लागला आणि घाई असेल तर हिरे विकत घ्या, अशी पाटी यायला लागली. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तोच तर त्यांचा धंदा आहे. आधी माणसाला बेचैन करायचं, मग बेचैनीचं औषध विकायचं." मी तो खेळ काढून टाकला. एकतीस वर्षं नोकरीत बेचैनी फुकट मिळत होती, ती आता कोण विकत घेणार?

"पण सगळे गेम तसे नसतात," ती म्हणाली. "काही गेम तर या लालचीपणाचीच सालटी काढतात. तू बघच एकदा."

गेल्या उन्हाळ्यात ती आठ दिवस भोपाळला आली तेव्हा तिने खरंच दाखवलं. कोलार रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी कूलर लावून पडून राहण्याखेरीज मे महिन्यात काही करता येत नाही. माझा डोळा लागत होता. तिने लॅपटॉप आणून माझ्या मांडीवरच ठेवला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी सुट्टीच्या दिवशी बसून स्वतःचा एक खेळ बनवत होत्या. "अजून कुणालाच दाखवला नाहीये. आधी तू खेळ. तुझ्याइतकं कुणाला नाही कळणार."

मला का कळणार, ते पडदा उजळल्यावर लक्षात आलं. पडद्यावर आमची जुनी, कारखान्याची टाउनशिप होती. नाव काही नव्हतं, पण पोट सुटलेली पाण्याची टाकी तीच, नीलगिरीचा रस्ता तोच, जाळीच्या व्हरांड्यांची बैठी क्वार्टरं तीच. कोपऱ्यात एक पिवळं बुटकं ऑफिस होतं आणि त्याच्या भिंतीवर किल्ल्यांचा फळा. ते माझं इस्टेट ऑफिस. कारखान्यातल्या लोकांना क्वार्टरं द्यायची, त्यांची डागडुजी लिहून घ्यायची, सोडताना नळ-पंखे मोजून किल्ली परत घ्यायची, हे काम मी तिथे जन्मभर केलं. पोरगी अठराव्या वर्षी भोपाळ सोडून गेली, पण एक नालीही विसरली नव्हती. मला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडी धास्तीही वाटली.

खेळ असा होता. तुम्ही या गावाचे सर्वेसर्वा. वर एक हिरवी रेषा, तिचं नाव 'वाढ'. दर डावाला ती रेषा वर गेली पाहिजे. गेली नाही तर वरून एक अगदी सभ्य आवाज येतो, "और थोड़ा." रागावत नाही, ओरडत नाही. तेवढंच म्हणतो. मग तुम्ही आधी कँटीन बंद करता, मग शाळेची बस, मग पक्क्या कामगारांच्या जागी कंत्राटी आणता. एवढ्यानेही भागत नाही, तेव्हा घरं रिकामी करायला लागता. एक घर रिकामं झालं की रेषा टुणकन वर जाते. शेवटी गावात फक्त पाण्याची टाकी उरते, रेषा पडद्याच्या वरच्या काठाला टेकते आणि खेळ म्हणतो, तुम्ही जिंकलात.

"समजलं?" तिचा चेहरा फुलला होता. "जिंकलं की कळतं, आपण काय केलंय ते."

मी माझ्या पद्धतीने खेळायला बसले. कुठल्या घराचं छप्पर गळतंय ते पाहिलं, ते दुरुस्त केलं. नळ बदलले. एक क्वार्टर रिकामं दिसलं तर जुन्या नोकरीवाल्याला दिलं. गाव मस्त चाललं होतं. पाचव्या डावाला खेळ म्हणाला, तुम्हाला पदावरून काढण्यात येत आहे. पुन्हा खेळले, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा मी जास्तच मन लावून भिंती दुरुस्त केल्या. तिसऱ्यांदाही तेच.

मुलगी हसून हसून बेजार. "आई, तू रिपेअरमध्येच अटकलीयेस! रिपेअरने लाइन हलत नाही. ते बटण आम्ही मुद्दाम ठेवलंय, पण त्याला आतून काही जोडलेलंच नाहीये. लोकांना वाटत राहतं, नीट केलं तर वाचेल."

मी माउसवरचा हात काढून घेतला. आतून काहीच न जोडलेलं ते बटण मी एका बाईला आठ दिवस दाबताना पाहिलेलं होतं. पाणी प्यायले आणि चौथ्यांदा खेळायला बसले.

या वेळी शहाण्यासारखी खेळले. कँटीन गेलं, बस गेली, माणसं कंत्राटी झाली. घरांची पाळी आली तेव्हा पिवळ्या ऑफिसातून एक छोटी बाई बाहेर आली. सुती साडी, चष्मा, काखेत रजिस्टर. घर रिकामं करायला तिची सही लागते. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ये घर रहने लायक है. मैं दस्तखत नहीं करूँगी."

"ओळख पाहू कोण?" मुलगी म्हणाली. "सगळ्या गेममध्ये ही एकटीच 'नाही' म्हणते. तिला हटवल्याशिवाय तुला पुढे जाताच येत नाही. मैत्रिणी म्हणत होत्या, असं कुणी नसतं यार, फिल्मी वाटतंय. मी म्हटलं, असतं. माझी आई होती."

मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकते म्हणून उठले. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता.

ती हे सगळं कुठून घेऊन आली होती ते मला माहीत होतं.

ती अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. माझे यजमान राज्य सरकारच्या नोकरीत, कायम कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात बदलीवर. टाउनशिपमधलं क्वार्टर माझ्या नावावर होतं आणि घर मी आणि मुलगी असं दोघींचंच होतं. समोरच्या ओळीत एक बाई राहायची, सागरकडची. तिचा नवरा भट्टीवर कामाला होता, नोकरीत असतानाच वारला. तिला कारखान्याच्या शाळेत आयाचं रोजंदारी काम दिलं होतं आणि राहतं क्वार्टर राहू दिलं होतं. मी ऑफिसात असायचे तेव्हा माझी मुलगी शाळेतून थेट तिच्याकडे जायची. बालवाडीपासून. मौसी म्हणायची तिला. तिच्या हातची कढी खाऊन खाऊन माझ्या आमटीला नावं ठेवायची. ते मला थोडं झोंबायचं, पण सोय इतकी होती की मी तोंड मिटून ऐकायचे.

त्या वर्षी कारखान्यातली माणसं कमी झाली होती आणि जमीन मोकळी करायचं निघालं. राहतं घर पाडायचं तर ते राहण्यालायक नाही असं आधी कागदावर यावं लागतं. माझ्या साहेबांनी एक यादी माझ्यासमोर ठेवली. समोरची अख्खी ओळ. अठरा क्वार्टरं. पाहणी मी करायची, फॉर्म मी भरायचा, पहिली सही माझी. साहेब माणूस वाईट नव्हता. मान वर न करता म्हणाला, "मैडम, ऊपर से आया है. आप ये कर दीजिए, आपकी लाइन सबसे आख़िर में रखवा देंगे. दो साल तो कहीं नहीं गए."

दोन वर्षं. आमची ओळ तेवढी टिकणार होती आणि मुलीची बारावी त्या दोन वर्षांत बसत होती. मी रात्रभर विचार केला, तळमळले, असं लिहायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर मी दुपारच्या चहाआधी मान हलवली होती. पाहणीला गेलेसुद्धा नाही. ऑफिसात बसून अठरा फॉर्म भरले. 'दीवारों में दरारें', 'छत कमज़ोर', 'निवास हेतु अनुपयुक्त'. मुलीच्या मौसीच्या घराच्या फॉर्मवर पेन जरा अडखळलं, एवढंच. सतरा कुटुंबांची नोकरी पक्की होती, त्यांना दुसरीकडे क्वार्टर मिळणार होतं. तिची पक्की नव्हती, तिला मिळणार नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण तो नियम लोकांना समजावून सांगायचं कामही माझंच होतं.

नोटीस मिळाली तेव्हा ती कागद घेऊन आमच्या व्हरांड्यात आली. नोटिशीवर साहेबाची सही होती. माझी सही असलेला फॉर्म ऑफिसच्या कपाटात. रिपोर्ट कुणी लिहिला, ते तिने तिच्या बुंदेलीत विचारलं, "दीदी, जे रिपोर्ट किनने लिखी?"

आत टेबलावर मुलगी फिजिक्स करत बसली होती. तिचं पेन थांबलेलं मला ऐकू आलं.

"पता नहीं," मी म्हटलं. "मेरे पास लाए थे. मैंने तो मना कर दिया."

एवढंही बोलायची गरज नव्हती. 'पता नहीं'वर थांबले असते तरी चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं, तसं झालं माझं. ती गेल्यावर मुलगी बाहेर आली. "आई, तू मना केलंस?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर तिने फाटकापर्यंत येऊन माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली. त्याआधी कधी घेतली नव्हती. मला लाज वाटली, पण पिशवी मी देऊन टाकली.

माझ्या त्या एका वाक्याने आणखी एक गोष्ट केली. मौसीला वाटलं, दीदी आपल्या बाजूची आहे. आणि आमच्या टाउनशिपचा एक स्वभाव होता. तिथे सगळ्यांचा कागदावर विश्वास. घर वाईट आहे असं कागद म्हणतो ना, मग घर नीट करायचं, म्हणजे कागद बदलेल. बाहेरच्या माणसाने वकील पाहिला असता, पुढारी गाठला असता. आमच्याकडच्या माणसाने चुना आणला.

तिने शाळेतून आठ दिवस सुट्टी काढली. नोटिशीत भेगा लिहिल्या होत्या म्हणून ती तळहात फिरवत भिंतीभर भेगा शोधत बसायची. सापडेनात. कशा सापडणार, त्या मी टेबलावर बसून पाडल्या होत्या. मग जिथे रंगाचा पोपडा आला होता तिथेच तिने सिमेंट भरलं. सगळ्या घराला चुना दिला. माझी मुलगी रोज क्लासवरून येताना तिला मदत करायची आणि कोपरापर्यंत पांढरी होऊन घरी यायची. मी तिला हात धुऊन घे म्हणायचे आणि भाजी चिरत राहायचे.

नवव्या दिवशी तिने मला बोलावलं. येताना रजिस्टर आण, असंही सांगून पाठवलं. मी गेले. रजिस्टर घेऊन गेले, काय म्हणावं मला. फरशी ओली होती. चुन्याचा वास येत होता. तिने मला प्रत्येक खोली दाखवली, मोरी दाखवली, नळ उघडून बंद करून दाखवला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "अब तो रहने लायक है ना, दीदी? अब तुम दुबारा लिख दो."

"फाइल आगे चली गई," मी म्हटलं.

"हओ," ती म्हणाली. मग स्टीलच्या पेल्यात चहा दिला. तो मी प्यायले. तिने त्यात माझ्या आवडीचं आलं घातलं होतं.

महिन्याभरात ती विदिशाला दिराकडे गेली. किल्ली घ्यायला मीच होते. दोन पंखे, तीन नळ, काचा शाबूत. 'सामान पूरा' असं मी लिहिलं. एक बल्ब तिने स्वतःचा लावला होता, तो तिने तिथेच राहू दिला. पुढे एकदोन वेळा फोन आला, मग येईनासा झाला. मीही केला नाही.

त्या ओळीची दारं-खिडक्या उपटून नेल्या, छपरं फोडली आणि काम थांबलं ते थांबलंच. तिथे काय उभं राहणार होतं, कोण जाणे. मी निवृत्त होईपर्यंत तिथे बाभळी होत्या आणि आजही बाभळीच आहेत. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. आमच्या ओळीला दोन वर्षं आणि वर चार महिने मिळाले. मुलगी बारावीला चांगली पास झाली.

चहा गाळून मी दोन कप घेऊन खोलीत गेले. मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. छोटी बाई पडद्यावर तशीच उभी होती, नाही म्हणत.

"तुझ्या मैत्रिणी बरोबर म्हणतात," मी म्हटलं. "असं कुणी नव्हतं. ती सही करते."

तिला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. फॉर्म, चहाच्या आधी हलवलेली मान, टेबलावर बसून पाडलेल्या भेगा. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. नुसती दमले. या वयात खरं बोलणंसुद्धा जिने चढण्यासारखं झालंय.

ती रागावेल म्हणून मी वाट पाहत होते. पण ती तिच्या धंद्यातला प्रश्न विचारून बसली. "मग ती सही का करते? तिला मिळतं काय?"

"दोन वर्षं."

"कशासाठी?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग तिला समजलं. कप तसाच ठेवून ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली, त्या उन्हात. उरलेले दोन दिवस आम्ही फक्त जेवणाबद्दल बोललो. जाताना तिने वाकून नमस्कार केला, पण नेहमीसारखी गळ्यात पडली नाही.

मी त्या दिवसांत त्या खेळाचा विचार करत होते. लोभाला नावं ठेवणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. कारखान्याच्या गेटवरच्या सभांत टाळ्याही वाजवल्या आहेत. भाषणातला लोभी माणूस नेहमी दुसरा असतो, मोठ्या गाडीतला. खेळात बटण आपल्या बोटाखाली असतं, एवढं मात्र खरं. आणि वरचा तो सभ्य आवाज एकटा काहीच करू शकत नाही. त्याला खाली कुणीतरी लागतं, ज्याला फक्त दोन वर्षं हवी असतात. पोरीच्या खेळात हेच नव्हतं, कारण ते मी तिच्यापासून लपवलं होतं.

पावसाळा सरता सरता तिने खेळाची नवी प्रत पाठवली. सोबत एक शब्द नाही. मी दोन दिवस उघडली नाही. मग उघडली.

गाव तेच. पण आता पिवळ्या ऑफिसातली बाई सही करते. एका झटक्यात, चहाच्या आधी. मग समोरच्या ओळीतल्या एका घरातून दुसरी बाई बाहेर येते, हातात चुन्याची बादली. ती भिंत रंगवायला लागते. तुम्ही काहीही करा, ती रंगवत राहते. आठ डाव. नवव्या डावाला ती ऑफिसच्या दारात येऊन विचारते, "दीदी, जे रिपोर्ट किनने लिखी?" खाली दोन उत्तरं असतात. एक, 'मैंने तो मना कर दिया.' दुसरं, 'मैंने लिखी है.'

मी दुसरं दाबलं. त्या बाईने बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे तोंड केलं. तिच्या बोलण्याची चौकट उघडली. चौकट रिकामी होती.

बराच वेळ वाट पाहिली. मोडलंय वाटून मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मोडलेलं नाहीये. तिथपर्यंत लिहिलंय फक्त. पुढे मौसी काय म्हणाली असती, ते मला नाही सुचलं. तू तिला ओळखत होतीस. तू सांग."

मी म्हटलं, विचार करून सांगते. त्याला आता तीन आठवडे झाले. मौसी गेली ते विदिशा इथून रेल्वेने तासाभरावर आहे. ते मला तेव्हाही माहीत होतं.